आमच्या आवारातला वसंत

(संस्थेच्या अमृतमहोत्सवी वर्षात, रंगपंचमीनंतरच्या रविवारी, इंदूर येथील संस्थेच्या आवारात बागमंडळाच्या वतीने केलेले भाषण)



रंगपंचमीच्या गेरीचा रंग अजून पुष्कळांच्या कानांमागे शिल्लक आहे, आणि अशा वेळी कोणी लांबलचक भाषण करू नये हे आम्हांस कळते. परंतु अमृतमहोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत विश्वस्तांनी बागमंडळालाही वीस मिनिटे दिली आहेत. पंचाहत्तर वर्षांत बागेला बोलावयास सांगितल्याचा हा पहिलाच प्रसंग. तो दवडणे आमच्याने झाले नाही. बागमंडळ म्हणजे कोणी तज्ज्ञ मंडळी नव्हेत. दोन निवृत्त शिक्षक, एक बँकेतले कारकून, एक होमिओपॅथीचे डॉक्टर, तीन गृहिणी आणि आमचे माळीबाबा, एवढाच हा परिवार. रोज सकाळी सहा ते आठ आम्ही या आवारात वाकलेले असतो. त्यामुळे पाठ नेहमी दुखते आणि मन बहुधा ठीक असते.

या आठवड्यात तर ते फारच ठीक आहे. सोमवारी मोगऱ्याच्या तिसऱ्या वाफ्यात पहिली कळी दिसली. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी असेल. पण ती पाहावयास आमच्यातल्या एक बाई घरचा चहा टाकून आल्या. मंगळवारी फाटकाजवळच्या पिंपळाने तांबूस पालवी उघडली. ती इतकी पातळ की पलीकडचे ऊन तिच्यातून गाळून येते. तांबट पक्षी तर पंधरा दिवसांपासून कोणी कासार भांडे ठोकत बसावा तसा दुपारभर टुक्‌ टुक्‌ करतो आहे. आणि मागच्या अंगणातल्या रायवळ आंब्याचा मोहोर आता गळत असून त्याच्या देठांना मिरीएवढ्या बाळकैऱ्या लागल्या आहेत. हजार फुलांमागे एखाद-दुसराच आंबा शेवटपर्यंत टिकतो, हे आम्हांस ठाऊक आहे. तरी रोज सकाळी आम्ही मान वर करून मोजणी करतो, आणि रोज प्रत्येकाचा आकडा निराळा येतो.

सभासदहो, हा आनंद पोरकट आहे हे आम्ही मान्य करतो. परंतु तो केवळ डोळ्यांचा नाही, एवढेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

आपल्या मुलांच्या इंग्रजी पुस्तकांतला वसंत आणि माळव्यातला वसंत यांत एक मोठा फरक आहे. थंड देशांत पाने शरदात गळतात, मध्ये बर्फाचा लांब काळ जातो आणि मग फुले येतात. आपल्याकडे पानगळ आणि पालवी एकाच महिन्यात, पुष्कळदा एकाच झाडावर येतात. आज या मंडपात येताना आपण कडुलिंबाखालून आलात. वरती कोवळी, तांबूस, अजून नीट न उलगडलेली पाने. आणि पायांखाली पिवळ्या पानांचा थर. गुढीपाडव्याला गुळाबरोबर जी कोवळी पाने आपण तोंड वाकडे करून खाणार आहोत, ती हीच. पळसाचेही तसेच. ‘कुठेही जा, पळसाला पाने तीनच’ असे आपण म्हणतो. पण फाल्गुनात महूच्या पुढे घाटाकडे जाऊन पाहावे, पळसाला एकही पान नसते, सारे झाड केशरी झालेले असते. फुलण्याआधी त्याने आपली ती प्रसिद्ध तीन पानेसुद्धा टाकून दिलेली असतात.

या गोष्टीचा विचार करताना आमच्यातल्या एका गुरुजींनी गीतेची आठवण करून दिली. दहाव्या अध्यायाच्या पस्तिसाव्या श्लोकात भगवंतांनी ऋतूंमध्ये आपण वसंत आहोत असे सांगितले आहे, हे सर्वांस माहीत असते. परंतु त्याच श्लोकात, त्याच्या अगदी लगत आधी, महिन्यांमध्ये आपण मार्गशीर्ष आहोत असेही सांगितले आहे. पंडितांनी त्याचा अर्थ काय लावला असेल तो असो. बागवाल्याला मात्र तो श्लोक वाचून हसू येते. कारण वसंताचे खरे काम मार्गशीर्षातच करावयाचे असते.

ते काम म्हणजे पुष्कळ अंशी काही न करणे. मार्गशीर्षात आम्ही मोगऱ्याचे पाणी तोडतो. झाड मलूल होते, पाने पिवळी पडतात. येणारे-जाणारे सभासद ‘बागेकडे लक्ष नाही वाटते?’ असे विचारून जातात. संक्रांत झाली की छाटणी. मग बुंध्याभोवतीची माती उकरून मुळे काही दिवस उघडी ठेवावयाची, नंतर कुजलेले खत घालून माती ओढावयाची आणि भरपूर पाणी द्यावयाचे. विदर्भातले संत्र्याचे बागवाले आंबिया बहार धरतात तोही याच रीतीने: आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावयाचा, आणि मग खत-पाणी देऊन त्याला फुलावयास लावावयाचे. आमच्या भाषेत ‘बहार’ या शब्दाच्या शेजारी ‘ताण’ हा शब्द नेहमी उभा असतो.

आम्ही हे शहाणपण चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी थंडी कोरडी पडली, आणि आंब्याची आम्हांस फार कीव आली. पौष महिनाभर आम्ही त्याच्या आळ्यात नळी सोडून ठेवली. झाड हिरवेगार झाले, तजेलदार नवी पाने आली. आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. त्या वर्षी मोहोर असा आलाच नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपल्या अंगणातली कैरी नव्हती. डाळ आणि पन्हे यांकरिता कैऱ्या मंडईतून आणाव्या लागल्या, आणि त्या आंबटही नव्हत्या. माळीबाबा काही बोलले नाहीत. त्यांनी पुढच्या कार्तिकात नळी गुंडाळून आपल्या खोलीत ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. तेव्हापासून आंबा एकाआड एक वर्ष का होईना, आपला शब्द पाळतो.

आता पायांखालच्या त्या पिवळ्या थराकडे येतो. आपले शहर स्वच्छतेसाठी नावाजलेले आहे. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वर्षे देशात पहिला क्रमांक मिळवणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि आपल्यापैकी प्रत्येक घराने ओला-सुका वेगळा करून त्याला हातभार लावला आहे. त्याच अभिमानाच्या भरात आम्हीही काही वर्षे फाल्गुन-चैत्रात या आवारातली पाने झाडून, पोत्यांत भरून गाडीत देत असू. एके सकाळी अशी सोळा पोती फाटकाशी रचलेली असताना माळीबाबा म्हणाले, “पत्ता क्यों भेजते हो, बाबूजी? ये तो झाड़ की रोटी है.” आम्ही मनातून ओशाळलो, कारण इंदूरच्या माणसाला ही गोष्ट दुसऱ्याने सांगावी लागू नये.

त्याचे कारण असे. १९२४ साली इंदूर दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर येथे वनस्पतिउद्योगाची एक संशोधनसंस्था निघाली. आज तेथे कृषी महाविद्यालय आहे. तिचे पहिले संचालक अल्बर्ट हॉवर्ड हे १९३१ पर्यंत येथे होते. जमिनीतून निघालेली कोणतीही वस्तू टाकाऊ नसते, ती योग्य रीतीने कुजवून जमिनीला परत दिली पाहिजे, हे त्यांच्या कामाचे सार. पऱ्हाट्या, तण, पाला, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि थोडी लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यांत रचून, ते ठरल्या वेळी तीनदा उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत त्यांनी येथे बसवली. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचेही नाव लेखक म्हणून आहे. ती रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते; केनियातल्या कॉफीच्या मळ्यांपर्यंत ती पोहोचली. आणि आम्ही येथे इंदुरातच बसून पाल्याची पोती बांधत होतो!

त्या वर्षीपासून आमचा खड्डा सुरू झाला. आंब्याच्या पलीकडे, कुंपणाच्या कोपऱ्यात, आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि अडीच फूट खोल. तळाशी वाळलेल्या काटक्या, वर पाल्याचा वीतभर थर, त्यावर हिरवे तण, त्यावर शेणकाला, मूठभर राख आणि थोडी माती. आणि पुन्हा पाला. ओल किती असावी? मूठ दाबली तर तळवा ओला व्हावा, पण थेंब गळू नये. पंधरा दिवसांनी पहिली उलथापालथ, आणखी पंधरा दिवसांनी दुसरी, आणि त्यानंतर महिन्याभराने तिसरी. फाल्गुनात भरलेला खड्डा ज्येष्ठात, पावसाच्या तोंडाशी, तयार होतो. आंब्याचे चिवट पान मात्र आणखी महिना-दोन महिने दम काढावयास लावते. पहिल्या उलथापालथीच्या वेळी खड्ड्यात हात घालून पाहावा. आत इतकी ऊब असते की हात फार वेळ ठेववत नाही. आमच्यातल्या एका आजीबाई म्हणतात, बाळंतिणीच्या खोलीत गेल्यासारखे वाटते. त्यापेक्षा नेमके आम्हांस काही सांगता येणार नाही.

या खताची आपल्या मातीला फार गरज आहे. माळव्याची काळी माती पावसात फुगून चिखल होते आणि उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडतात. खत आणि पाल्याचे आच्छादन मिळाले की ती मऊ राहते, ओल धरून ठेवते. आणि पाण्याचे मोल येथे कोणास सांगावयास हवे? १९७८ साली नर्मदेचे पाणी या शहरात आले, त्याआधीचे हंडे-कळशांचे दिवस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहेत. ते पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर तोडीत, विंध्याचा चढ चढून येते. पाल्याखालच्या जमिनीला ते एक दिवसाआड पुरते. उघड्या जमिनीला रोज देऊनही पुरत नाही.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, बागवाल्यांना सगळे छानच दिसते. तसे नाही. आम्हांस भीतीही वाटते. २०२३ चा फेब्रुवारी हा देशभरातल्या कमाल तापमानाच्या सरासरीने १९०१ पासूनच्या नोंदींत तोवरचा सर्वांत तापलेला फेब्रुवारी ठरला. हा अनुभव पुस्तकातला नव्हे. आम्ही त्या वर्षी माघातच आच्छादने घालीत होतो. मोहोर ऐन भरात असताना आभाळ येते, भुरी पडते, तुडतुडे येतात. कधी फाल्गुनात गारा येऊन एका तासात सारे अंगण मोहोराने झाकून टाकतात. ऋतू आता पंचांग पाळत नाहीत. अशा वेळी ‘वसंत येतोच, काळजी नको’ असे म्हणून हात बांधून बसणे हा आशावाद नव्हे, तो आळस होय. आमचा आशावाद याहून लहान आणि अधिक कष्टाचा आहे. गारा पडल्या त्या दुसऱ्या दिवशी आम्ही गळालेला मोहोर गोळा केला आणि खड्ड्यात टाकला. दुसरे करण्यासारखे काही नव्हते. पण तेवढे होते.

आता एक कबुली. सात वर्षांपूर्वी या सभागृहाच्या उजव्या अंगास एक बकुळ होती. पुष्कळ भगिनींना ती आठवत असेल. तिच्या फुलांचे गजरे सुकल्यावरही कपाटात ठेवले जात. तिच्या पायाशी चिखल होतो अशी तक्रार आली, आणि सभेत ठराव होऊन बुंध्यापर्यंत फरशी बसविण्यात आली. त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते ही साधी गोष्ट त्या दिवशी आम्हांस सुचली नाही. पहिल्या वर्षी काही कळले नाही. दुसऱ्या वर्षी फुले कमी झाली. तिसऱ्या वर्षी वसंत आला, पिंपळ पालवला, कडुलिंब पालवला. बकुळीची पाने मात्र शेंड्याकडून करपत आली आणि पावसाळ्यानंतर ती गेली. झाड ओरडत नाही. बागेतली ही सर्वांत कठीण गोष्ट आहे.

हे आज सांगण्यास कारण आहे. मागचे अंगण फरसबंद करून तेथे अठरा मोटारी उभ्या राहतील अशी योजना विश्वस्तांपुढे आहे. आम्ही तिची थट्टा करणार नाही. लग्नसराईत सभागृहाचे भाडे येते, त्यातूनच विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या आणि गरजूंची औषधे चालतात. आणि मोटारी ठेवावयास जागा नसेल तर लोक दुसरे कार्यालय पाहतात. हे खरे आहे. परंतु त्या नकाशात आंब्याच्या बुंध्याभोवती दोन फुटांचा गोल ठेवला आहे, आणि खड्ड्याच्या जागी मोटार क्रमांक सतरा आहे. आंब्याची अन्न शोधणारी मुळे फांद्यांच्या विस्तारापर्यंत, किंबहुना त्याच्याही पलीकडे पसरलेली असतात. दोन फुटांत झाडाचा बुंधा मावतो, झाड मावत नाही.

आम्ही दोरी लावून मोजले आहे. फांद्यांच्या सावलीखालची जमीन आणि तो कोपरा मोकळा सोडला, तरी अकरा मोटारी सुखाने उभ्या राहतात. जेथे त्या उभ्या राहतील तेथेही सलग काँक्रीट न घालता मध्ये फटी ठेवून दगड बसविले, तर पावसाचे पाणी जमिनीत मुरेल. सात मोटारींचे नुकसान आहे, हे आम्ही मान्य करतो. त्या सातांसाठी रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेची चौकशी करावी, आणि ते काम बागमंडळाकडे सोपवावे, अशी आमची विनंती आहे. बकुळीच्या वेळी आम्ही न विचारता हात वर केला होता. या वेळी आधी बोलत आहोत.

तो आंबा ज्यांनी लावला, ते आपले संस्थापक सभासद आज हयात नाहीत. त्यांतल्या कित्येकांनी त्याचे फळही चाखले नसेल. आपल्या पूर्वजांनी महाराष्ट्रातून येथे येऊन घरे केली. देवी अहिल्याबाईंनी पुढे येणाऱ्या वाटसरूंसाठी विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या नावाने हे शहर आजही हात जोडते. दुसऱ्याने खावे म्हणून लावणे, ही येथली जुनी रीत आहे. आज पुष्कळ घरांत दोनच वृद्ध माणसे उरली आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली. सभेत कोणी ना कोणी उसासा टाकतोच की, ‘आता आपल्यामागे संस्था कोण पाहणार?’ आम्हांस त्याचे उत्तर माहीत नाही. पण पान गळते ते झाडावर रुसून नव्हे. आणि गळालेल्या पानांना झाडाखाली जागा ठेवली, तरच पुढची पालवी धड येते. गेलेल्यांनी लावलेले आपण सांभाळावे आणि आपण लावलेले कोणीतरी सांभाळील असे धरून चालावे, याखेरीज दुसरी कोणती आशा बागवाल्याला ठाऊक नाही.

येत्या आषाढात, पहिला जोराचा पाऊस होऊन गेला की, सभागृहाच्या उजव्या अंगास आम्ही नवी बकुळ लावणार आहोत. तेथली फरशी चार हात चौरस उखडावयास विश्वस्तांनी परवानगी दिली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. बकुळ फार संथ वाढते. आमच्यातल्या सर्वांत वडील सभासदांचे वय एक्याऐंशी आहे, आणि खड्डा आपण खणणार असा त्यांचा हट्ट आहे. डॉक्टरांनी मनाई केली आहे. बहुधा पहिले कुदळीचे घाव ते घालतील, आणि उरलेले काम आम्ही ते पाहत नसताना करू.

तोवर एवढेच मागणे आहे. आज आम्हांस टाळ्या देऊ नका. घरी अंगण असेल तर यंदाचा पाला गाडीत देऊ नका. आणि घरी खड्डा करावयास जागा नसेल तर पोते भरून रविवारी सकाळी सहाला येथे आणून द्या. खड्ड्याचा दुसरा थर अजून भरावयाचा आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला या वर्षी कैरी आपल्या अंगणातलीच असेल, असे आमचे आजच्या मोजणीवरून मत आहे. माळीबाबांचा आकडा आमच्यापेक्षा कमी आहे, आणि नेहमी तोच खरा ठरतो. पण डाळीपुरत्या आणि पन्ह्यापुरत्या कैऱ्या त्यांच्याही हिशेबाने निघतात.